अर्धी साखर

२ मार्च, सोमवार

कारखान्याच्या किल्ल्या अखेर माझ्या खिशात आल्या. त्या वाजाव्यात म्हणून दिवसभर उगाच या खोलीतून त्या खोलीत चालत होतो. मिसरूड फुटायच्या आत दुकानांच्या काचा पुसायला लागलो. काच पुसणाऱ्याकडे कुणी बघत नाही, पण त्याला सगळं ऐकू येतं. त्या ऐकण्याच्या जोरावर पुढे काचेचे तुकडे विकले, मग चौकटी, मग दुकानांची दर्शनी कपाटं, आणि आज आरशांचा अख्खा कारखाना. अख्खा म्हणजे खाली तीन खोल्या आणि वर आमचं बिऱ्हाड. नाव मोठं, लक्षण मध्यम. पण आपलं.

बायको माझ्यापेक्षा खूश. ती शाळेत रसायनशास्त्र शिकवून नुकतीच निवृत्त झाली. शाळा सुटली, शिकवण्याची खोड नाही. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे वर्गात आता मी एकटाच. वरच्या मजल्याला मोठ्या खिडक्या आहेत, सगळीकडून उजेड येतो. तिने सामान लावण्याआधी त्या पुसायला घेतल्या. मी म्हटलं, हा धंदा माझा. तर म्हणे, अहो, तुम्ही आता मालक झालात, मालकांनी फक्त डाग दाखवायचे.

जुना मालक किडकिडीत माणूस. अंगाला आंबूस वास. मी घासाघीस करायला बाह्या सरसावून गेलो होतो, पण गड्याने पहिल्याच आकड्याला मान डोलावली. असा विकणारा भेटला की मी एरवी माल दोनदा ठोकून बघतो. आनंदाच्या भरात राहून गेलं. जाताना त्याने दोनच गोष्टी सांगितल्या. साखर सढळ हाताने घाला. आणि काचेवर पाणी ओतलं की खोलीबाहेर या, दार ओढून घ्या, आत कुणी थांबू नका. अमोनियाची वाफ असते, हे मलाही ठाऊक आहे. मी हो म्हटलं.

५ मार्च, गुरुवार

आज पहिला आरसा माझ्या डोळ्यांदेखत झाला. मधल्या खोलीत काळ्या दगडाचा ओटा आहे. त्यावर काच आडवी ठेवायची, खाली लाकडी पाचरी सारून पाणसळीत आणायची. मग दोन पाणी एकत्र करून वर ओतायची, एक चांदीचं, एक साखरेचं. चांदीचं पाणी दिसायला साधं, पण हाताला लागलं की कातडी काळी. ओतल्यावर आधी सगळं गढूळ होतं, मग काळं, आणि आपण पैसे बुडाले म्हणून कपाळाला हात लावणार तेवढ्यात खालून लखकन तोंड वर येतं. आपलंच. दाराच्या फटीतून पाहिलं आणि लहान पोरासारखा टाळ्या वाजवत बसलो.

संध्याकाळी हिने वर्ग घेतला. पाण्यात विरघळलेली चांदी म्हणे उपाशी असते. साखरेच्या टोकाला जो कार्बन असतो त्याच्याकडे देण्यासारखं असतं. तो देतो, चांदीचं पोट भरतं, ती पुन्हा धातू होऊन काचेवर बसते. देणारा मात्र आंबट होतो, त्याचं आम्ल बनतं. चांदीचं झालं ते क्षपण, साखरेचं झालं ते ऑक्सिडीकरण. एक दुसऱ्याशिवाय होतच नाही.

मी विचारलं, क्षपण म्हणजे क्षय ना, मग चांदीचा फायदा कसा? ती म्हणाली, नावावर जाऊ नका, ज्याचं क्षपण होतं त्याला मिळतं, झिजतो तो समोरचा. मग तिने जिना काढून दाखवला. वरच्या पायरीवर अल्कोहोल, त्याखाली अल्डिहाइड, त्याखाली आम्ल, आणि तळाला नुसती हवा आणि पाणी. जगातली प्रत्येक कार्बनवाली वस्तू हा जिना उतरत असते. दारूचं व्हिनेगर होतं, लाकडाची राख होते, आपण जेवतो तेही हळूहळू जळतंच. मी म्हटलं, आणि चढायचं असेल तर? म्हणाली, चढता येतं, पण फुकट नाही. एक चढला की दुसऱ्याला उतरावं लागतं.

आमचा कारागीर उंचीवरून ‘लांब्या’ म्हणून ओळखला जातो. तो आरशांच्या पाठी रंगवतो. दारात उभा राहून तो सगळं ऐकत होता. म्हणाला, वहिनी, मालकांना एवढं शिकवू नका, उद्या पगारसुद्धा एकाला चढवून दुसऱ्याला उतरवतील.

११ मार्च, बुधवार

जुना मालक साखर अशी ओतत होता जणू बापाचं शेत होतं उसाचं. हिने कागदावर आकडेमोड केली. एवढ्या चांदीला एवढी साखर लागते, तो घालायचा त्याच्या निम्म्यानेही काम भागून वर उरेल. गणित तिचं, काटकसर माझी. असा जोडा सात जन्मांत जुळत नाही. आजपासून साखर अर्धी केली.

आरसे चोख उतरले. मी प्रत्येक काच नखाने वाजवून बघतो. तडा डोळ्याला दिसायच्या आधी माझ्या कानाला सापडतो. एकही बद्द नाही.

१९ मार्च, गुरुवार

शिंप्याच्या दुकानासाठी माणसाच्या उंचीचा आरसा हवा होता. काच एवढी मोठी की ओतल्यावर एक पाचर सारखी सरकायची आणि पाणी एका कडेला पळायचं. ही म्हणाली, मी आत थांबते, पाचर धरते. तोंडाला फडकं बांधून ती ओट्याशी ओणवी राहिली. कामात असली की ती गुणगुणते, त्याला ना चाल ना शब्द, पण सूर एकच. दाराबाहेरून मी ते ऐकत होतो.

असा आरसा मी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. सुईच्या टोकाएवढं छिद्र नाही. शिंपी बघून एवढंच म्हणाला की यात गिऱ्हाईक नवे कपडे न शिवताच बरं दिसेल, माझं नुकसान आहे.

ठरलं. यापुढे मोठी काच असली की ही आत थांबणार. आणि अर्ध्या साखरेची पाव केली, कारण उरतच होती.

२८ मार्च, शनिवार

मागणी इतकी की लांब्याला जेवायला फुरसत नाही. न्हाव्याने घेतले, चष्मेवाल्याने घेतले, नाच शिकवणाऱ्या बाईंनी भिंतभर घेतले.

एक गंमत. आज तयार आरसे ओळीने वाजवून पाहिले. काच जाडीप्रमाणे वेगळी वाजते, लहानपणापासून जाणतो. हे सगळे एकाच सुरात वाजले. जाड, पातळ, लहान, मोठा, सगळे. हिच्या गुणगुणण्याचा सूर. लांब्याला ऐकवलं तर म्हणाला, मालक, बायकोवर इतका जीव असेल तर जगात काय वाट्टेल ते ऐकू येतं.

ही बारीक झाली आहे. जुने कपडे बसायला लागले म्हणून खुशीत आहे. जवळ आली की श्वासाला हिरव्या सफरचंदासारखा वास येतो. तसा वाईट नाही.

६ एप्रिल, सोमवार

वास वाईट झाला. आधी उग्र, आता आंबट. मुंगी चिरडली की येतो तसा. तिच्या उशीलाही येतो.

डॉक्टरांकडे नेलं. त्यांना वाटलं मधुमेह. तपासण्या झाल्या, तो नाही. रक्त मात्र आंबट आहे म्हणाले, एवढं आंबट की या बाई चालत कशा आल्या तेच कळत नाही. गोड खा, विश्रांती घ्या. ही घरी येऊन चमच्याने साखर खात बसली. मी म्हटलं, वाचवलेली सगळी तूच संपव. हसली. हसताना ओठाच्या कोपऱ्यातून थोडी वाफ आली. बाहेर उकाडा होता.

१४ एप्रिल, मंगळवार

आज तिने पुन्हा कागद घेतला. महिनाभरात किती चांदी काचेवर बसली, किती साखर गेली. मग मला जवळ बसवून, शाळेत नापास मुलाच्या बापाशी बोलत असेल तशा शांत आवाजात सांगितलं. साखर जेवढी घातली तेवढ्यात यातली निम्मीही चांदी बसू शकत नाही. बाकीचं कुणीतरी दिलं आहे.

कुणी दिलं ते विचारायची हिंमत झाली नाही. तिनेच बोट स्वतःकडे केलं.

म्हणाली, सफरचंदाचा वास आला तेव्हा मी अल्डिहाइडच्या पायरीवर होते. आता आम्लाच्या. मी म्हटलं, बास झाली शिकवणी. कारखाना उद्यापासून बंद.

लांब्याला पगार देऊन सुटी दिली. तो काही विनोद करेल असं वाटलं होतं. केला नाही. वहिनींना जपा म्हणाला.

२० एप्रिल, सोमवार

ओट्याच्या खोलीला कुलूप आहे. चांदीचं पाणी सगळं ओतून दिलं. तरी थांबलेलं नाही.

सकाळी ती पाणी प्यायली आणि पेला खाली ठेवला, तर पेला आतून आरसा झालेला. मग तिचा चष्मा. तिने डोळ्यांवरून काढून माझ्यापुढे धरला. दोन्ही काचांत मी होतो. चष्म्यापेक्षा ती एकाच गोष्टीने घाबरली. सारखी विचारत होती, अहो, पण चांदी आली कुठून? पेल्यात चांदी नव्हती. चांदी कुठून आली? आयुष्यभर शिकवलेल्या विषयाने तिचा हात सोडला, तसा चेहरा झाला होता.

दुपारपर्यंत तिच्या पलंगाजवळची खिडकी गेली. बाहेरचा रस्ता दिसेनासा झाला. त्या जागी आमचीच खोली, आम्हीच दोघं. फक्त खिडकीत ही ठणठणीत दिसते. गाल भरलेले, केस दाट. मी एकदा तिकडे बघितलं, एकदा पलंगाकडे. ती म्हणाली, बघा ना खुशाल, मीही तिच्याकडेच बघते.

२५ एप्रिल, शनिवार

जुन्या मालकाला शोधून काढलं. गावाच्या कडेला एका खोलीत राहतो. खिडकीला फळ्या ठोकलेल्या. घरात काच नावाला नाही, चहा पत्र्याच्या डब्यातून पितो. मला बघून त्याला आश्चर्य वाटलं नाही. साखर कमी केली ना, एवढंच विचारलं.

मी त्याची गचांडी धरली. आधी का नाही सांगितलं? त्याने सोडवून घ्यायचाही प्रयत्न केला नाही. सांगितलं असतं तर विकत घेतलं असतं का तुम्ही, म्हणाला. खरं आहे. मीही त्याच्या जागी असतो तर—

तो ओटा म्हणे त्याच्या बापाच्या आधीपासून तिथे आहे. त्याच्यावर साखर असली की साखर घेतो. कमी पडली की जवळ जे असेल ते. त्याचा धाकटा भाऊ आत थांबायचा, पाचर धरायला. पुढे काय झालं विचारलं तर त्याने रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. पुरायला काही राहिलं नव्हतं, म्हणाला. खुर्चीवर थोडं पाणी होतं, ते पुसलं.

मग उलटं होतं का, ते विचारलं. परत चढता येतं का. म्हणाला, भाऊ शेवटी आतून हाक मारत होता. ये म्हणाला, जवळ ये, एवढंच. मी दार उघडलं नाही.

पाय निघेना माझा. खोलीभर आंबूस वास होता. तो बंद दारातूनच भावाला स्वतःतलं थोडं देऊन बसला असावा.

२९ एप्रिल, बुधवार

माझी चूक. लिहून ठेवतो. विकलेले आरसे परत आणले, वाटेल ती किंमत मोजून. शिंप्याचा, न्हाव्याचा, नाचवाल्या बाईंचे. शिंप्याने का ते विचारलं नाही. रात्री दुकान बंद केल्यावर आरसा गुणगुणतो, घेऊन जा म्हणाला. मला वाटलं, तिचं जे गेलं ते त्या चांदीत आहे. आम्लात चांदी विरघळवली की मोकळं होईल, परत येईल.

आम्ल ओतलं. चांदी सुटली. वर तिची किंकाळी.

धावत गेलो तर घरातली प्रत्येक खिडकी एका दमात झाकोळली होती. भर दुपारी अंधार. ती कशीबशी म्हणाली, अहो, पोट भरून बसली होती ती चांदी. तुम्ही सगळ्यांना परत उपाशी केलंत.

साखरेची पोती फोडून ओट्यावर ओतली. साखर तशीच आहे. मुंगीही फिरकत नाही.

२ मे, शनिवार

खाली मागची कोठी. विटांची, खिडकी नाही. तिला तिथे ठेवलं. उचलली तेव्हा उशीएवढं वजन. कपडे दमट. बोलली की वाफ.

डोळे आता—

तिच्या डोळ्यांत मी दिसतो. सगळेच दिसतात कुणाच्याही डोळ्यांत, पण इतका स्पष्ट नाही. दाढी वाढलेली दिसली मला माझी.

४ मे, सोमवार

आज शुद्धीवर होती. शेवटचा धडा, म्हणाली. मी हसलो नाही म्हणून रागावली.

तिच्याकडे देण्यासारखं काही उरलं नाही. तळाची पायरी. हवा आणि पाणी. जो पूर्ण रिकामा होतो तो मग घेणारा होतो. म्हणून यापुढे जवळ येऊ नका. दार बाहेरून लावा. मी हाक मारीन. गोड बोलेन, रडेन, तुमची शपथ घालीन. ती मी नसेन. किंवा असेनही, तरी उघडू नका. वचन द्या.

दिलं. धंद्यात दिलेला शब्द मी कधी मोडला नाही.

चढता येतं ना पण, मी म्हटलं. तूच सांगितलंस. एक उतरला की—

तिने नाही म्हणून मान हलवली. हलवतच राहिली.

६ मे, बुधवार

दाराबाहेर बसलो आहे. कडी घातली आहे. सकाळपासून आत काही आवाज नाही. दाराखालून थोडं पाणी आलं. पुसलं नाही. मी पुसणार नाही.

७ मे, गुरुवार

हाक मारते आहे. अहो, म्हणते. तीच, जशी जिन्यातून मारायची.

माझे कान मला फसवत नाहीत, हीच पंचाईत. माणूस बोलताना मध्ये श्वास घेतो. दोन शब्दांच्या मध्ये, कितीही घाईत असला तरी. या हाकेत श्वास नाही. एकसारखी. नखाने काच वाजवावी तशी. ती नाही. मला माहीत आहे ती नाही.

दुपार

थांबली होती. आता गुणगुणते आहे. आतून नाही नुसती. ओट्यावरून, वरच्या खिडक्यांतून, सगळीकडून, एका सुरात.

जुन्या मालकाचा विचार केला. तो जिवंत आहे. पत्र्याच्या डब्यातून चहा पितो. फळ्यांकडे तोंड करून.

नको.

नंतर

कडीला हात लावला. थंड. माझ्याच तोंडाला सफरचंदाचा वास येतो आहे. म्हणजे दारातूनही—

मग दार कशाला मध्ये.

तिला म्हटलं, घे. कमी करू नकोस. हिशेब करू नकोस. सगळं घे आणि चढ. तू नसलीस तरी घे, त्यात थोडी तरी तू—

म्हणाली, या.

श्वास घेतला का मध्ये? घेतला. घेतल्यासारखा वाटला. कान लावून ऐकतो, एकदा, नीट ऐकतो आणि मग कडी

काढली. आत उजेड आहे. खिडकी नाही तिथे, उजेड कुठला — विटा, सगळ्या विटा लख्ख, आणि प्रत्येकीत ती उभी आहे, हात पुढे करून, भरलेल्या गालांची, आणि खोलीत कुणीच — मी कुठे — विटांत मी दिसत ना